खांबाला टेकलेलं कपाळ

“गाडी थांबव,” अब्बा म्हणाले.

सकाळपासून ही चौथी वेळ होती. मी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. एका बाजूला कावेरीचं रुंद पात्र, दुसऱ्या बाजूला भाताची ओली खाचरं, आणि खाचरांच्या पार पलीकडे नारळीच्या झावळ्यांवर डोकं काढून उभं असलेलं एक दगडी शिखर.

“ते काय आहे?”

“देऊळ असेल. इथं पावलोपावली देवळंच आहेत, अब्बा. असं थांबत गेलो तर गुरुवारी पोचणार नाही आपण.”

“पोचू की. चल, बघून येऊ.”

मी चावी फिरवली. इंजिन थांबलं, आणि एकदम सगळीकडे शांतता पसरली. “आपल्याला तंबोरे पोचवायचेत का यात्रा करायची आहे?” मी विचारलं. अब्बांनी उत्तर दिलं नाही. दार उघडून ते उतरले आणि मागे न बघता बांधावरून चालू लागले.

एकोणीसशे सत्त्याण्णवचा फेब्रुवारी होता. मी तेवीस वर्षांची होते. माझे वडील इमामसाहेब शिकलगार मिरजेत तंबोरे करायचे. त्यांचे वडील करायचे, आजोबाही करायचे. घरी आम्ही दखनी बोलतो, पण हे सगळं मी मराठीतच सांगते. आता मला दोन्ही सारख्याच जवळच्या आहेत.

व्हॅनच्या मागच्या सीट काढून तिथं गाद्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर वाकळीत गुंडाळलेली तंबोऱ्यांची एक जोडी निजवली होती. ती कन्याकुमारीच्या अलीकडच्या एका गावात अंबुजाबाई नावाच्या वयस्क गायिकेला द्यायची होती. रेल्वेनं पाठवलेला तंबोरा एकदा फुटका पोचला होता, तेव्हापासून लांबची जोडी अब्बा स्वतः नेत. माझा भाऊ रियाज गाडी चालवायचा. तो मस्कतला गेला आणि जाण्याआधी मला गाडी शिकवून गेला. मी अब्बांना घेऊन एवढ्या लांब निघाले तेव्हा फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, दारात उभी राहून म्हणाली, “पोरगी गाडी चालवणार आणि बाप शेजारी बसणार! काय दिवस आले!” अब्बा नुसते हसले.

तंबोऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर हाडाची एक चपटी घोडी बसवलेली असते. चारही तारा तिच्या पाठीवरून जातात. ती पाठ कानसेनं अशी घासायची, की तार तिला जेमतेम चाटून जाईल. केसभर कमी घासली तर आवाज मुका. केसभर जास्त घासली तर भांडं पडल्यासारखा खणखणाट. बरोबर घासली गेली, की एका तारेतून सात तारा बोलायला लागतात. ह्याला जवारी म्हणतात. भोपळा कापणारे, दांडी कोरणारे पुष्कळ असतात. जवारी काढणारा गल्लीत एखादाच. आमच्या गल्लीत ते अब्बा होते.

मी कारखान्यात पॉलिश करायचे, तारा चढवायचे, नक्षीचे तुकडे बसवायचे. मला जवारी शिकायची होती. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, सगळे जेवायला गेले होते, गल्ली शांत होती, तेव्हा धीर करून मी अब्बांना विचारलं होतं, “अब्बा, मला जवारी शिकवाल?” ते पाठमोरे घोडीवर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा एकदा विचारलं. कानस चालतच राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. पुढच्या आठवड्यापासून अब्बा जवारी काढताना खोलीचं दार आतून लावून घ्यायला लागले. एवढं उत्तर मला पुरेसं होतं. पुन्हा कधी विचारलं नाही. कॉम्प्युटरचा क्लास लावला, परीक्षा दिली, आणि आता माझ्या पिशवीत पुण्याच्या एका कंपनीचं पत्र होतं. एक मार्चला रुजू व्हायचं होतं. अब्बांना मी अजून सांगितलं नव्हतं.

प्रवासात सांगू असं ठरवलं होतं. पण गाडीत अब्बाच इतके बोलायचे की मला संधी मिळेना. चित्रदुर्गच्या मोठ्या शिळा बघून, बेंगळूरची गर्दी बघून, सेलमनंतरची ताडाची झाडं बघून त्यांचं आपलं सुरूच. मी ओरडून काही विचारलं की ते लगेच उत्तर द्यायचे, गमती सांगायचे, लहानपणच्या आठवणी काढायचे. घरी इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि कुठं थांबलो, उतरलो, की पुन्हा गप्प. मला वाटायचं, रस्ता त्यांना आवडतो आणि मी आवडत नाही.

तंजावरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मोठ्या देवळाच्या दारात चपला काढल्या. दिवसभर तापलेला दगड तळव्यांना चटके देत होता, म्हणून आम्ही दोघं पळतच आत शिरलो आणि मग जागच्या जागी थांबलो.

मी तोवर उंच इमारती पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण हे उंच होतं म्हणून थांबलो नाही. ते शिखर एकावर एक मजले चढत, लहान लहान होत आभाळात गेलं होतं, आणि त्यावर संध्याकाळचं ऊन असं पडलं होतं की सगळा दगड मधासारखा दिसत होता. वरती पाकोळ्यांचा थवा गोल गोल फिरत होता. एवढ्या मोठ्या अंगणात माणसं मुंग्यांएवढी. समोर एकाच दगडाचा नंदी बसलेला, जणू आत्ताच घास चघळायचा थांबलाय.

ओवऱ्यांतून फिरता फिरता अब्बांनी मला हातानं बोलावलं. भिंतीवर अक्षरं कोरलेली होती. ओळींमागून ओळी, हात पोचेल त्याच्याही वर. मी जवळ जाऊन बघितलं आणि अंगावर काटा आला. मराठी होती. मिरजेपासून इतक्या लांब, जिथं पाणी मागायलासुद्धा खुणा कराव्या लागत होत्या, तिथं दगडात मराठी.

“भोसल्यांचं राज्य होतं इथं,” शेजारून जाणारे एक गृहस्थ हिंदीत म्हणाले.

अब्बांनी एका अक्षरावरून बोट फिरवलं. “किती खोल आणि किती सारखं,” ते म्हणाले. “घाई केली नाही कुणी.”

“अब्बा, मला तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हणाले.

ते पुढच्या ओळीकडे सरकले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक वाट वाकडी केली. मदुरैला जायचं सोडून कोडाईकनालचा घाट चढायचा म्हणाले. “डोंगर बघू. परत कोण येतंय इकडे?” मी कुरकुरत गाडी वर नेली. घाटात कानांना दडे बसल्यासारखे झाले, हवा गार होत गेली, निलगिरीचा वास यायला लागला. वर एका कड्याजवळ कठडा होता. पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. आम्ही कठड्याला टेकलो तोच ते पांढरं हलायला लागलं. ढग खालून वर येत होते. एक फट पडली आणि तिच्यातून हजारो फूट खालचं सपाट मैदान दिसलं: तळ्यांचे आरसे, शेतांचे चौकोन, दोऱ्याएवढा रस्ता. कालपर्यंत आम्ही ज्याच्यावरून आलो तो सगळा मुलूख. पाच-सात श्वासांपुरता दिसला आणि मिटला.

तिथं पानाचाही आवाज नव्हता. मला वाटलं, सांगायचं तर हीच वेळ. मी समोर ढगांकडे बघत म्हणाले, “अब्बा, मला पुण्याला नोकरी लागली आहे. एक तारखेला जायचंय. मी जाऊ का?”

अब्बा ढगांकडे बघत राहिले. थोड्या वेळानं मान हलवून म्हणाले, “खरंच. काय सुंदर आहे.”

मला इतका राग आला की घाट उतरताना एक शब्द बोलले नाही. माझ्या जाण्या-राहण्याचं ह्या माणसाला काही नाही, हे एकदा कळलं ते बरं झालं, असं मनाशी म्हणत होते. अब्बा अधूनमधून काही विचारायचे. मी उत्तर द्यायचे नाही.

मदुरैच्या देवळाच्या दारांवरची गोपुरं म्हणजे रंगीत मूर्तींचे डोंगर. शेकडो देव, राक्षस, हत्ती, घोडे, सगळे एकमेकांच्या खांद्यावर चढलेले. अब्बा मान मोडेपर्यंत वर बघत होते. आत एका ठिकाणी पाटी होती, हिंदू नसणाऱ्यांनी ह्याच्या पुढे जाऊ नये अशी. अब्बांनी ती वाचली, अदबीनं दोन पावलं मागे सरले आणि बाहेरच्या बाजूनं हिंडू लागले. उत्तरेकडच्या गोपुराजवळ एक म्हातारा वाटाड्या बसलेला होता. आम्हाला बघून मोडक्या हिंदीत म्हणाला, “गाणारा खांब बघणार?”

खांब म्हणजे एका मोठ्या दगडी खांबाभोवती बारीक बारीक खांबांचं कडं. मनगटापेक्षा थोडे जाड. एकूण बावीस, आणि सगळे मिळून एकाच शिळेतून कोरलेले. वाटाड्यानं बोटाच्या पेरानं एका खांबावर टिचकी मारली.

दगड गायला.

मी उगाच म्हणत नाहीये. टक् असा आवाज नव्हता. स्वर होता, गोल, लांबत जाणारा, धातूचा वाटावा असा. त्यानं दुसऱ्यावर टिचकी मारली, दुसरा स्वर. तिसऱ्यावर तिसरा. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले.

अब्बा मात्र गोंधळल्यासारखे वाटाड्याच्या बोटाकडे बघत होते. मग त्यांनी एक गोष्ट केली. टोपी काढली, पुढे झाले, आणि एका खांबाला कपाळ टेकलं. हातानं खूण केली: वाजव.

वाटाड्यानं टिचकी मारली. अब्बांचा सगळा चेहरा बदलला. ते पुढच्या खांबाकडे गेले, कपाळ टेकलं. “वाजव.” मग पुढच्या. एका बाईनं म्हातारा भक्तिभावानं नमस्कार करतोय असं समजून आपल्या नातीला बाजूला ओढलं आणि त्यांना वाट करून दिली. एक एक करत अब्बा बावीस खांबांना भेटले.

“दगड आहे, जैबू!” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की माणसं वळून बघायला लागली. “भोपळा नाही, तार नाही. छिन्नीचा एक घाव जास्त पडला असता तर परत जोडता आलं नसतं. कुणी ऐकत ऐकत कोरलं असेल हे? कुठला कान असेल तो?”

मी त्यांच्या मागे उभी होते. “तुम्ही असे कपाळ का लावताय?” मी विचारलं.

ते खांबावरून हात फिरवत होते.

“अब्बा.”

काही नाही. मी एक पाऊल पुढे गेले आणि नेहमीच्या आवाजात, अगदी त्यांच्या पाठीशी, म्हणाले, “अब्बा, तुमच्या खांद्यावर पाल आहे.”

अब्बा पालीला फार भ्यायचे. एकदा कारखान्यात पाल पडली तर ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले होते. आता ते हललेसुद्धा नाहीत.

मी समोर गेले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलं आहे. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. “गाडीत चल,” ते म्हणाले.

व्हॅन फुलवाल्यांच्या रांगेजवळ उभी होती. आम्ही दोघं आत बसलो.

“सुरू कर.”

“कुठं जायचंय?”

“कुठं नाही. नुसती सुरू कर.”

मी इंजिन सुरू केलं. आमची व्हॅन थांबलेली असतानाही पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची.

“आता बोल,” अब्बा म्हणाले. “ह्या आवाजात माणूस ओरडून बोलतो, म्हणून मला ऐकू येतं. हळू बोललेलं येत नाही.”

“कधीपासून?” मी ओरडले.

“चार वर्षं. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, बाहेरून येणारा आवाज आत पोचत नाही. पण हाडातून पोचतो. म्हणून मी घोडीला कपाळ लावतो, कधी दात लावतो. कुणी बघू नये म्हणून दार लावून घेतो.” ते समोरच्या काचेकडे बघत बोलत होते. “कान गेलेल्या जवारीवाल्याकडे कोण येईल? उद्या अंबुजाबाईंसमोर शांत खोलीत बसून जवारी काढायची वेळ आली तर? त्यांच्यासमोर तंबोरा दातात धरू? म्हणून हे देऊळ बघ, तो डोंगर बघ. पोचायचंच नव्हतं मला.”

मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. “तीन वर्षांपूर्वी दुपारी मी तुम्हाला एक विचारलं होतं.”

“काय?”

“मला जवारी शिकवाल का, म्हणून!”

पुढून एक बस हॉर्न वाजवत गेली. “काय?” अब्बांनी कानामागे हात धरला.

“मला जवारी शिकवा!” मी सगळा जीव एकवटून ओरडले. मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई हातातला दोरा तसाच ठेवून आमच्याकडे बघायला लागली.

अब्बा माझ्याकडे वळले. “हे तू विचारलं होतंस?”

“दोनदा.”

“आणि मी काय म्हणालो?”

“काहीच नाही.”

त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. मग म्हणाले, “मला वाटलं, तुला हे काम नकोय. क्लासला जायला लागलीस, कारखान्यात येईनाशी झालीस. म्हटलं, भुशात आणि हाडांच्या भुकटीत पोरीनं का बसावं? जाऊ दे तिला.”

“काल कड्यावर मी पुण्याच्या नोकरीचं सांगितलं तुम्हाला.”

“मला वाटलं तू ढगांबद्दल काहीतरी म्हणतेयस.”

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. अब्बाही. गजरेवाली उठून आली, खिडकीतून तिनं एक गजरा माझ्या मांडीवर टाकला आणि पैसे न घेता परत जाऊन बसली.

गुरुवारी दहाच्या सुमाराला आम्ही अंबुजाबाईंच्या घरी पोचलो. लाल कौलांचं बैठं घर, मागं नारळी, आणि नारळींच्या मागं समुद्र. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, तो खाली असेल, तळ्यासारखा. तो आभाळापर्यंत उभा होता.

अंबुजाबाई सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, नाकात दोन्हीकडे चमक्या. तंजावरच्या मराठी घरातल्या होत्या. त्यांची मराठी जुनी होती, तमिळ हेल काढून बोललेली, पण शब्द आमचेच. “या, या. केवढ्या लांबून आले,” म्हणत त्यांनी आम्हाला ओसरीत बसवलं, कॉफी दिली. मग जोडी उघडली, नक्षी निरखली, एक तंबोरा उभा धरून छेडला आणि मान हलवली.

“छान आहे. पण पत्र लिहिलं तेव्हाचा माझा सूर आता राहिला नाही. दोन स्वर खाली आले मी. तेवढ्यावर लावाल?”

आवाज अगदी मऊ होता. अब्बांनी माझ्याकडे बघितलं.

“सूर दोन स्वर खाली लावायचा, अब्बा!” मी मोठ्यानं म्हणाले.

अंबुजाबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं.

तारा सैल केल्या की जुनी जवारी मिटते. घोडी पुन्हा घासावी लागते. अब्बांनी पिशवीतून कानस काढली, क्षणभर हातात धरली, आणि माझ्यापुढे केली. “जवारी माझी मुलगी काढेल,” ते म्हणाले.

मी जन्मात घोडीला कानस लावली नव्हती. नुसतं बघितलं होतं, तेही दार लागण्याआधी. अब्बा तंबोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि कुणाचीही लाज न बाळगता त्यांनी दांडीला कपाळ टेकलं. एक बोट वर केलं, म्हणजे अजून. तळवा दाखवला, म्हणजे थांब.

मी घासायचे, तार घोडीवर ठेवायचे, छेडायचे, पुन्हा उचलायचे. तासभर आवाज नाकातूनच येत होता. दुसऱ्या तासाला खर्ज थोडा मोकळा झाला. पाठ भरून आली. घामाचे थेंब तबलीवर पडायला लागले तेव्हा अंबुजाबाईंनी स्वतः उठून माझ्या कपाळावर पदर टेकवला. मग एकदा छेडलं आणि मला वाटलं, आता. अब्बांचं बोट अजून वरच होतं. अजून घास.

“नाही, अब्बा. झालंय.”

त्यांना ऐकू गेलं नाही. बोट हललं: अजून. चाळीस वर्षांचं बोट होतं ते. मी कानस घोडीजवळ नेली. एकदाच घासायचं होतं. पण माझा कान नाही म्हणत होता. आजवर मी त्यांच्या शांततेला घाबरून गप्प बसले होते आणि त्यात आम्हा दोघांची वर्षं गेली होती. मी कानस जमिनीवर ठेवली. आवाज होईल अशी ठेवली नाही, पण त्यांनी बघितली. त्यांनी कपाळ उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट मिटलं.

मी चारही तारा जुळवल्या, तारांखाली सुताचे दोरे सारले, सूर बारीक जुळवायला मणी सरकवले आणि छेडत गेले. पंचम, जोड, जोड, खर्ज. पुन्हा. पुन्हा. ओसरी हळूहळू भरत गेली. भिंती, कौलं, माझ्या मांड्या, सगळं त्या आवाजात बसलं. आणि मग त्या चार तारांच्या वर, कुणीही न छेडलेला एक पाचवा स्वर तरंगत आला. गंधार. जवारी खरी लागली की तो आपोआप येतो हे मी लहानपणापासून ऐकून होते. माझ्या हाताखालून तो पहिल्यांदा येत होता. मला देवळाचं शिखर बघून झालं होतं तसंच झालं: आपण फार लहान आहोत आणि तरी आपल्याला इथं उभं राहू दिलंय.

“गंधार बोलतोय, अब्बा,” मी ओरडले.

“बोलतोय?” त्यांनी विचारलं. त्यांना तो ऐकू येत नव्हता.

अंबुजाबाईंनी डोळे मिटले आणि त्या खालच्या, थकलेल्या, घट्ट आवाजात गायला लागल्या. मी छेडत राहिले. अब्बा त्यांच्या ओठांकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होते.

जेवणं झाल्यावर अंबुजाबाई मला आत बोलावून म्हणाल्या, “माझा आवाज उतरला तेव्हा दोन वर्षं मी कुणापुढे गायले नाही. फुकट घालवली ग ती वर्षं. सांग त्यांना.”

अब्बा घरामागं समुद्राच्या वाळूत उभे होते, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. लाटांचा असा गडगडाट होता की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं. मी अंबुजाबाईंचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “पुण्याचं काय?”

“येत नाही म्हणून पत्र पाठवीन.”

“माझ्यासाठी थांबायचं नाही हं.”

“तुमच्यासाठी नाही. मला करायचंय.”

एक मोठी लाट आली, आम्ही दोघं मागे पळालो. पाणी परत गेल्यावर अब्बा म्हणाले, “जैबू, खरं सांग. गेल्या चार वर्षांतल्या माझ्या जवाऱ्या कशा होत्या? तुझा कान चांगला आहे, तू ऐकल्या असतील.”

मी ऐकल्या होत्या. “चांगल्या होत्या,” मी म्हणाले.

“सगळ्या?”

समुद्र, वारा, पायाखालची सरकणारी वाळू. खोटं बोलणं किती सोपं होतं. “एक सोडून,” मी ओरडले. “हिरेमठ मास्तरांच्या तंबोऱ्याची. पंचम मुका होता.”

हिरेमठ मास्तर धारवाडला गाणं शिकवायचे. अब्बांचे तीस वर्षांचे मित्र. तंबोरा नेऊन दोन वर्षं झाली होती, त्यांनी तक्रार केली नव्हती. अब्बांनी वाकून विजारीचे दुमडलेले पाय खाली सोडले.

“परतताना धारवाडला थांबायचं,” ते म्हणाले.

वाटेत आम्ही काही बघायला कुठंही थांबलो नाही. केरळची किनारपट्टी, कारवारच्या खाड्या, मग वरती घाट, सगळं काचेतून बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी धारवाडला मास्तरांच्या दारात उभे राहिलो. मास्तर बनियनवरच बाहेर आले. “अरे, इमामसाब! न कळवता? या ना आत.”

अब्बा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

“मास्तर, आधी ऐका. चार वर्षं झाली, मला कानांनी ऐकू येत नाही. कुणाला सांगितलं नाही. तुमच्या तंबोऱ्याची जवारी माझ्याकडून चुकली आहे. ही माझी मुलगी, जैबून. ती दुरुस्त करायला आली आहे.”

मास्तर वळून आत गेले. एका कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खोळीतला तंबोरा होता; खोळीवर धुळीचा थर बसलेला. त्यांनी तो अंगणातच खोळीतून काढला, पंच्यानं पुसला. मी पायरीवर बसले होते. अब्बांनी सवयीनं हात पुढे केला, पण मास्तर त्यांच्या शेजारून पुढे आले आणि तंबोरा त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवला.